लांब चौकट आणि असईचे मैदान

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकी कित्येकांस वाटेल की, तसबिरीला चौकट बसविणे हे सुताराचे व काच कापणाराचे काम. त्यात इतिहासाच्या मास्तराने बोलण्यासारखे काय आहे? ही शंका रास्त आहे. परंतु थोडा वेळ ती बाजूला ठेवून माझे म्हणणे ऐकून घ्यावे, अशी विनंती आहे.

अलीकडे शहरांतील घरांत दिवाणखान्याची रिकामी भिंत एका लांबट चौकटीने भरून काढण्याची आवड वाढत चालली आहे. उंची एक फूट आणि लांबी तीन फूट, असे तिचे सर्वसाधारण माप असते. गृहस्थ आपल्या मोबाइलमधला फोटो घेऊन फ्रेमवाल्याकडे जातो. फोटो नदीकाठचा असेल, एखाद्या किल्ल्याचा असेल किंवा सगळ्या कुटुंबाचा असेल. फ्रेमवाला तो पाहतो, चौकट पाहतो आणि विचारतो, ‘साहेब, कुठून कापू?’ गृहस्थ म्हणतो, ‘तुम्हीच बघा.’ या दोन वाक्यांत सारा व्यवहार उरकतो. माझे म्हणणे एवढेच आहे की, ‘कुठून कापू’ हा प्रश्न वाटतो तितका लहान नाही. इतिहास लिहिणाऱ्यालाही रोज हाच प्रश्न पडतो, आणि तोही पुष्कळदा ‘तुम्हीच बघा’ असे म्हणून दुसऱ्याच्या हाती कात्री देतो. हे स्पष्ट व्हावे म्हणून आपल्या जालना जिल्ह्यातीलच एक देखावा मी आज आपल्यापुढे ठेवणार आहे. नभोवाणीवरून चित्र दाखविता येत नाही, तेव्हा ते शब्दांनीच उभे केले पाहिजे.

देखावा आहे असईच्या मैदानाचा. जिल्ह्याच्या उत्तर भागात केळणा आणि जुई या दोन नद्या पूर्वेकडे वाहत जाऊन एकमेकींस मिळतात. त्या मिळण्यापूर्वी दोहोंच्या मध्ये जिभेच्या आकाराची जमीन राहते. जुईच्या अंगाला असई हे लहानसे गाव आहे. आपण केळणेच्या दक्षिण तीरावर उत्तरेकडे तोंड करून उभे आहो, अशी कल्पना करा. समोर केळणा, तिच्या पलीकडे मोकळी जमीन, त्यामागे असई आणि जुई. डावीकडे, म्हणजे पश्चिमेस, नदीकाठाने वर गेले की भोकरदन. उजवीकडे, म्हणजे पूर्वेस, पिंपळगाव आणि वरूड ही दोन खेडी समोरासमोरच्या काठांवर, आणि त्यांच्याही पुढे नद्यांचा संगम. मान डावीकडून उजवीकडे पुरती वळविल्यावाचून हा देखावा डोळ्यांत मावत नाही. तीन फूट लांबीच्या चौकटीसाठी याहून योग्य विषय शोधून सापडणार नाही.

या जागी 23 सप्टेंबर 1803 रोजी जी लढाई झाली, ती शाळेत सर्वांनी वाचलेलीच आहे. 1802च्या अखेरीस दुसऱ्या बाजीराव पेशव्यांनी वसईचा तह केला आणि त्यातून इंग्रज व मराठे यांचे दुसरे युद्ध ओढवले. एका बाजूस दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले. दुसऱ्या बाजूस मेजर जनरल आर्थर वेलस्ली. युद्ध सुरू झाल्यावर सप्टेंबरच्या आरंभी कर्नल स्टीव्हन्सनने जालना घेतले. 21 सप्टेंबरला वेलस्ली आणि स्टीव्हन्सन बदनापूर येथे भेटले. दोघांनी वेगवेगळ्या वाटांनी निघावे आणि 24 तारखेस मिळून हल्ला करावा, असा बेत ठरला. परंतु 23 तारखेसच वेलस्लीला अनपेक्षितपणे मराठ्यांची सबंध छावणी समोर दिसली. केळणेच्या उत्तर काठाने ती भोकरदनच्या बाजूपासून असईपर्यंत पसरली होती. स्टीव्हन्सनची वाट न पाहता त्याने त्याच दिवशी लढण्याचे ठरविले.

समोरून नदी ओलांडणे शक्य नव्हते. वाटाड्यांनी सांगितले की, पुढे उतार नाही. वेलस्लीने पाहिले की पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावे एकमेकांसमोर वसलेली आहेत. दोन काठांवर इतकी जवळ गावे असतील, तर त्यांच्यात ये-जा असणार, आणि ये-जा असेल तर उतार असलाच पाहिजे, असा त्याने तर्क केला. तो खरा ठरला. सुमारे साडेचार हजार कवायती सैनिक घेऊन तो पूर्वेकडून मराठ्यांच्या बगलेवर आला. शिंद्यांची कवायती पलटणे पोलमन नावाच्या हॅनोव्हरच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली होती. त्यांनी झपाट्याने तोंड फिरवून दोन नद्यांच्या मध्ये नवी फळी धरली. पुढे जो संहार झाला त्यात वेलस्लीचे दीड हजारांहून अधिक लोक ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले, आणि मराठ्यांच्या 98 तोफा त्याच्या हाती लागल्या. मराठा गोलंदाजांनी तोफांपाशीच प्राण ठेवले. कित्येक जण मेल्याचे सोंग घेऊन पडून राहिले आणि इंग्रजी रांग पुढे जाताच उठून पुन्हा तोफा डागू लागले, असे शत्रूनेच लिहून ठेवले आहे. वर्षाअखेरच्या देवगाव आणि सुर्जी-अंजनगाव येथील तहांनी या युद्धातील भोसले व शिंदे यांचा भाग संपला.

आता हा देखावा आपणांस चौकटीत बसवावयाचा आहे. आधी थोडे गणित करू. गणिताचे नाव काढताच श्रोत्यांनी रेडिओ बंद करू नये. हिशेब चौथीच्या मुलाचा आहे. आपली चौकट 36 इंच लांब आणि 12 इंच उंच, म्हणजे तीनास एक या प्रमाणाची. मोबाइलचा साधा फोटो बहुधा चारास तीन या प्रमाणाचा असतो. समजा, तो 4,000 चित्रकण लांब आणि 3,000 चित्रकण उंच आहे. डिजिटल चित्र रांगोळीच्या ठिपक्यांप्रमाणे बारीक कणांचे बनलेले असते, त्यांना इंग्रजीत पिक्सेल म्हणतात. त्यांसच मी चित्रकण म्हणतो. हा फोटो तीनास एक या प्रमाणात आणण्याचे दोनच मार्ग आहेत. एक ताणण्याचा, दुसरा कातरण्याचा. ताणावयाचा म्हटले तर लांबी उंचीच्या मानाने सव्वादोनपट वाढवावी लागेल. मग असईचे गाव चेपटे होईल आणि काठावरचा शेतकरी आपल्या बैलाइतका रुंद दिसू लागेल. म्हणून शहाणा मनुष्य ताणीत नाही, कातरतो. कातरल्यावर लांबी 4,000 राहते आणि उंची 1,333 उरते. म्हणजे निम्म्याहून अधिक चित्र कात्रीत गेले. आणि ते गेले वरून आणि खालून.

याउलट, मोबाइल हळूहळू फिरवून काढलेले लांब चित्र घेतले, तर तोटा दुसऱ्या बाजूंनी होतो. असे चित्र समजा 12,000 कण लांब आणि 2,000 कण उंच आहे. म्हणजे सहास एक. ते तीनास एक चौकटीत पुरते भरावयाचे तर लांबी निम्मी करावी लागते. येथे वरचे-खालचे सारे राहते, पण डावा-उजवा भाग जातो. आखूड फोटो घ्या, आकाश व पायथळ जाते. लांब फोटो घ्या, टोके जातात. चौकट बाजारात तयार मिळते, आणि देखावा मात्र कोणत्याच चौकटीसाठी तयार झालेला नसतो, हे यातले मूळ दुखणे आहे.

आता कात्री असईच्या मैदानावर चालवून पाहू. डावीकडून कापले तर भोकरदनच्या बाजूची छावणी गेली. मराठ्यांचे हजारो घोडेस्वार त्या अंगास होते आणि त्यांनी मुख्य लढाईत फारसा भाग घेतला नाही. ते चित्रातून गेले की पोलमनची पलटणे एकटी का लढली, हे कोडे उरते. उजवीकडून कापले तर पिंपळगाव, वरूड आणि मधला उतार गेला. मग वेलस्ली पलीकडे पोहोचला तो जणू जादूने. वरून कापले तर जुई नदी व असई गाव गेले. इंग्रजी सैन्याची सर्वांत मोठी हानी त्या गावासमोरच झाली. तेथे 74व्या हायलँडर पलटणीचा जवळजवळ निःपात झाला, आणि तो उजव्या बाजूची तुकडी ठरल्यापेक्षा फार पुढे गावाच्या दिशेने सरकल्यामुळे. खालून कापले तर केळणेचा दक्षिण तीर गेला. त्या तीरावर म्हैसूरचे आणि पेशव्यांचे घोडेस्वार वेलस्लीच्या बाजूने मराठी घोडदळावर नजर ठेवून उभे होते. ते पुसले गेले की ही लढाई केवळ इंग्रज आणि मराठे यांच्यात झाली असे वाटते. प्रत्यक्षात वेलस्लीच्या पायदळातही गोऱ्या पलटणी थोड्या आणि मद्रासचे शिपाई अधिक होते.

चारही बाजूंनी कापून जे उरते ते काय? दोन नद्यांच्या मधली एक पट्टी आणि तिच्यात घोड्यावर बसलेला एक सेनापती. श्रोतेहो, असईचे जे चित्र इंग्रजी पाठ्यपुस्तकांतून आपल्या आजोबांनी पाहिले, ते पुष्कळसे असेच होते. ते खोटे नव्हते, हे ध्यानात घेतले पाहिजे. त्यातील प्रत्येक कण खरा होता. वेलस्लीचे धैर्य खरे, त्याचे घोडे त्याच्या खाली मारले गेले तेही खरे. परंतु खऱ्या कणांचे चित्रसुद्धा कातरण्याने वेगळीच गोष्ट सांगू लागते. ज्यांस असत्य लिहिण्याची लाज वाटते, त्यांसही कातरण्याची लाज वाटत नाही. कारण कातरणे हे कोणाला असत्य वाटतच नाही.

या लांब चित्रांचा स्वतःचा इतिहासही हीच गोष्ट सांगतो. रॉबर्ट बार्कर नावाच्या चित्रकाराने 1787 साली एका नव्या युक्तीचे पेटंट घेतले. गोल इमारतीच्या आतल्या भिंतीवर चहूबाजूंचा देखावा एकसंध रंगवावयाचा आणि प्रेक्षकाने मधोमध उभे राहून तो पाहावयाचा, अशी ती युक्ती होती. पुढे तिला ‘पॅनोरमा’ असे नाव पडले. ‘सर्व’ आणि ‘देखावा’ अशा अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांवरून ते बनविलेले आहे. बार्करने लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये यासाठी खास गोल इमारत बांधविली. त्यानंतर, 1800 साली, रॉबर्ट केर पोर्टर या तरुण चित्रकाराने लंडनमध्ये श्रीरंगपट्टणच्या वेढ्याचे सुमारे 120 फूट लांबीचे चित्र लोकांपुढे मांडले. श्रीरंगपट्टण पडले होते 4 मे 1799 रोजी. म्हणजे टिपू सुलतानाच्या मृत्यूला जेमतेम वर्ष झाले असता लंडनचे नागरिक पैसे देऊन तो देखावा पाहू लागले. 1815 साली वॉटर्लू येथे नेपोलियनचा पाडाव करणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणजे आपला असईचाच वेलस्ली. त्या लढाईचा पॅनोरमा रॉबर्ट बार्करच्या मुलाने, हेन्रीने, दाखविला आणि त्यावर त्याने इतका पैसा मिळविला की पुढे त्याला धंदा करण्याची गरज राहिली नाही. वॉटर्लूच्या मैदानाजवळ 1912 साली रंगविलेला दुसरा एक पॅनोरमा आजही आहे. त्याचा घेर 110 मीटर आणि उंची 12 मीटर आहे.

‘सर्व देखावा’ हे नाव मोठे. पण त्यात खरोखर सर्व असते काय? चित्रकार उभा कोठे राहिला, हे त्यात कधीच दिसत नाही. श्रीरंगपट्टणचे चित्र चढाई करणाऱ्यांच्या बाजूने काढलेले होते. तटाच्या आत राहणाऱ्या माणसाला तो दिवस कसा दिसला, हे 120 फुटांतही मावले नाही. चौकट कितीही लांब केली तरी तिला कडा असतेच. म्हणून कडेची लाज बाळगण्याचे कारण नाही. कडा कोठे आहे हे मात्र आपणांस माहीत असले पाहिजे.

पुढे 1839 साली फोटोग्राफीची विद्या जगजाहीर झाली, आणि लवकरच तिलाही लांब देखाव्याची हाव सुटली. 1845च्या सुमारास पॅरिस येथे मार्टेन्स नावाच्या कारागिराने भिंग फिरविणारा आणि वाकविलेल्या पत्र्यावर चित्र घेणारा कॅमेरा बनविला. 1857च्या उठावानंतर फेलीस बेआटो याने लखनौची लांब चित्रे घेतली. ती अनेक वेगळे फोटो कडेला कड जुळवून सिद्ध केलेली होती. 1904 साली अमेरिकेत ‘सर्कट’ नावाच्या कॅमेऱ्याचे पेटंट झाले. त्यात सारे यंत्रच हळूहळू फिरे आणि फिल्म उलट दिशेने सरके. शाळांचे आणि पलटणींचे दोन-दोन हात लांब समूहफोटो अशाच यंत्रांनी निघत. त्यात एखादा द्वाड पोरगा एका टोकाला उभा राहून यंत्र पुढे गेले की मागून धावत दुसऱ्या टोकाला जाई, आणि एकाच फोटोत दोनदा हसताना दिसे. मोबाइल फिरवून काढलेल्या चित्रातही मध्येच कोणी चालला की त्याला दोन डोकी किंवा तीन पाय फुटतात. कारण तेच आहे. लांब चित्र एका क्षणाचे नसते, ते अनेक क्षणांचे शिवलेले वस्त्र असते. असेच आणखी एक वैगुण्य असे की, समोरून आडवा जाणारा सरळ रस्ता त्यात धनुष्यासारखा वाकतो. असईच्या लांब चित्रात केळणा जरा अधिक वळलेली दिसली, तर नदीने पात्र बदलले असे समजू नये.

जुन्या फोटोंविषयी एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. आरंभीच्या काळात चित्राचा आकार बदलणे ही सोपी गोष्ट नव्हती. काचेच्या पट्टीवर उलट चित्र घ्यावयाचे आणि ती पट्टी कागदावर ठेवून उन्हात छापावयाची. म्हणजे पट्टी दहा इंचांची तर चित्रही दहा इंचांचे. मोठे चित्र हवे तर मोठी पट्टी आणि तिच्यासाठी मोठा कॅमेरा हवा. राजा दीनदयाळ यांनी सहाव्या निजामाचे दरबारी फोटोग्राफर म्हणून जे काम केले ते अशाच अवजड सामग्रीने. आपला जालना प्रांत 1948 पर्यंत त्याच निजामी राज्यात होता. दीनदयाळांचा जन्म 1844 साली मीरतजवळच्या सरधना गावी झाला. हे सरधना म्हणजे बेगम समरूच्या जहागिरीचे ठाणे, आणि तिची पलटणे असईच्या लढाईच्या दिवशी शिंद्यांच्या बाजूने मैदानाजवळच होती. एका लहानशा गावाचे नाव इतिहासात दोन अगदी वेगळ्या वाटांनी आपल्या मुलखाशी जोडले जावे, हा योगायोग मोठा मौजेचा आहे.

आकार बदलता येत नव्हता, पण कात्री तेव्हाही होतीच. जुन्या घरांतल्या तसबिरी नीट न्याहाळून पाहा. मध्ये कर्ते पुरुष खुर्चीवर, बाजूला मुले. आणि लंबगोल चौकटीच्या कडेशी कोणाचा तरी नुसता हात किंवा पदराचे टोक. हा हात कोणाचा? कदाचित दाराआड उभ्या राहिलेल्या विधवा आत्याबाईंचा, कदाचित मुलांना सांभाळणाऱ्या गड्याचा. फोटो घेताना त्यांना बाहेर घालविले नव्हते. चौकट बसविताना घालविले. पुढे पन्नास वर्षांनी नातवंडे विचारतात, ‘हे कोण?’ आणि सांगणारे कोणी उरलेले नसते. मैदानावरचे घोडदळ काय आणि घरातली आत्याबाई काय, कडेला उभे राहणाऱ्यांचे नशीब सारखेच असते.

आता आजच्या विद्येकडे वळू. 1957 साली अमेरिकेत रसेल कर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो संगणकात उतरविला. ते पहिले डिजिटल चित्र 176 कण लांब आणि 176 कण रुंद होते; एकंदर कण 30,976. आज मोबाइलच्या एका साध्या फोटोत 1 कोटी 20 लाख कण असतात. तरीही मोठी चौकट करावयाची म्हटली की, ‘फोटो फुटेल काय?’ या भीतीने लोक व्याकूळ होतात. या भीतीची मर्यादा सांगतो. निरोगी डोळ्याला हातात धरलेल्या, सुमारे एक फुटावरच्या चित्रात इंचाला तीनशेपर्यंत कण वेगळे ओळखता येतात. तीन फुटांवरून पाहिले तर इंचाला शंभर कण पुरतात, आणि सहा फुटांवरून पन्नाससुद्धा. आपला कातरलेला साधा फोटो 36 इंचांवर पसरला तर इंचाला 111 कण पडतात. भिंतीवरच्या चित्रासाठी ते पुरेसे आहेत. संगणकाकडून कण वाढवून घेता येतात. पण नवे कण तो शेजारच्या कणांवरून अंदाजाने भरतो. साक्षीदाराने न पाहिलेली गोष्ट शेजाऱ्याच्या सांगीवरून सांगावी, तशातला हा प्रकार आहे. तो जरुरीपुरताच करावा.

ज्यांस अगदी बारीक काम हवे असेल त्यांनी मोबाइल उभा धरून एकाच जागेवरून डावीकडून उजवीकडे पाच फोटो घ्यावेत, प्रत्येक फोटो मागच्यावर तिसऱ्या हिश्शाने चढवावा, आणि नंतर संगणकावर जुळवावेत. पहिल्याचे 3,000 कण आणि पुढच्या चारांचे प्रत्येकी 2,000 मिळून 11,000 कण लांबी होते, उंची 4,000. यातून 10,800 लांब आणि 3,600 उंच असा तुकडा घेतला की 36 इंच बाय 12 इंच चौकटीला इंचाला 300 कण बरोबर मिळतात. तात्पर्य, कण कमी पडण्याचे संकट आज उरलेले नाही. उरलेले संकट एकच, आणि ते आहे कडेचे.

कडेच्या या प्रश्नाला आपल्या मुलखातील जुन्या चित्रकारांनी काय उत्तर दिले होते, ते पाहण्यासारखे आहे. असईच्या उत्तरेस अजिंठ्याची लेणी आहेत. तेथील सतराव्या लेण्यात विश्वंतर जातकाची आणि सिंहलाची कथा भिंती भरून रंगविलेली आहे. त्या चित्रांत प्रसंगाप्रसंगाभोवती चौकट नाही. एक खांब, एक दार, एखादे झाड किंवा खडक मध्ये येतो आणि गोष्ट पुढच्या प्रसंगात शिरते. राजाच्या शेजारी दासी आहे, दासीच्या पलीकडे भिक्षेकरी आहे, आणि कोणालाही कडेवर टाकलेले नाही. मेजर रॉबर्ट गिल याने 1844 पासून या चित्रांच्या नकला करण्यास आरंभ केला, तेव्हा सबंध भिंतीचे तुकडे पाडूनच त्या कॅनव्हासवर उतरवाव्या लागल्या. त्यांतील बहुतेक नकला 1866 साली लंडनमध्ये आगीत जळाल्या. मुंबईच्या जे. जे. स्कूलचे ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी यांनी 1872 पासून पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही पुष्कळ 1885 साली लंडनमध्येच आगीत गेल्या. नकला जळाल्या तरी भिंत राहिली, म्हणून पुढच्यांना पुन्हा काम करता आले. मूळ शाबूत असले की नकलेचे नुकसान सोसवते. मूळच कापून टाकले तर दुसरी संधी मिळत नाही.

दुसरे उत्तर चित्रकथी परंपरेचे. आमच्या दक्षिणेच्या पैठणचे नाव जिला लाभले आहे, त्या शैलीची चित्रे सुट्या कागदांवर काढलेली असतात. कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाने ही कला जतन केली आहे. कथेकरी एक कागद उचलतो, गातो, तो खाली ठेवून दुसरा उचलतो. सारी कथा एका चौकटीत कोंबण्याचा हट्ट तेथे नाही. आपल्या तीन फुटी चौकटीतही हे साधते. आत जाड पुठ्ठ्याचा माउंट घालून त्याला शेजारी शेजारी तीन खिडक्या पाडाव्यात. एकीत भोकरदनची बाजू, मधल्या खिडकीत असई, तिसरीत उतार आणि संगम. अथवा सहास एक प्रमाणाचे लांब चित्र मुळीच न कापता 36 इंच लांब आणि सहा इंच उंच छापावे, आणि वर-खाली तीन-तीन इंच कोरा माउंट सोडावा. पाहुणे म्हणतील, एवढी जागा मोकळी का सोडली? त्यांस सांगावे की, मोकळ्या जागेने कोणाला बाहेर घालविलेले नाही.

शेवटी, ज्यांस काही पाळावयाचे असेल त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो. मूळ फोटोला कधी कात्री लावू नये. त्याची नकल करावी आणि नकलेवर सारे प्रयोग करावेत. एकच फाइल वारंवार बदलून जतन केल्याने तिचा दर्जा दर वेळी थोडा उतरतो, म्हणून मूळ फाइल वेगळी ठेवावी. कातरण्याचे काम फ्रेमवाल्यावर न सोपविता घरातल्या वडीलधाऱ्यांना बसवून करावे, कारण कडेला कोण उभे आहे ते त्यांनाच ठाऊक असते. आणि चौकटीच्या मागच्या बाजूस कागद चिकटवून लिहावे: हे चित्र कोठून घेतले, केव्हा घेतले, आणि कापले असल्यास कोणत्या बाजूचे काय कापले. ही शेवटची ओळ लिहिण्याचे कष्ट फारसे कोणी घेत नाही. इतिहासाच्या पुस्तकांच्या पाठीवर ती लिहिलेली असती, तर आमच्या पिढीला असई एकाच माणसाची लढाई आहे असे इतकी वर्षे वाटले नसते.

श्रोतेहो, दिवाणखान्यातली तसबीर घरातली मुले रोज पाहतात आणि तिलाच जग समजतात. तिच्या चार कडा आपण ठरवितो. ‘तुम्हीच बघा’ असे न म्हणता त्या आपण स्वतः पाहून ठरवाव्यात, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो. नमस्कार.